चिमीचांगा तळलेली कढई

पानशेतच्या बंगल्यांत स्वयंपाक करणाऱ्या बाईला शनिवार-रविवार नसतो. पुण्याच्या माणसांना सुट्टी असते तेव्हा आमची धावपळ, आणि आमच्या घरात बारसं किंवा गावात जत्रा असली की नेमके कुणाचे तरी पाहुणे धरणावर आलेले असायचे. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मी हे काम थांबवलं. आता शनिवारी घरी असले तरी सकाळी सवयीनं ढीगभर कांदा चिरून ठेवते आणि मग खाणारी मी एकटीच आहे हे आठवून स्वतःवरच चिडते.

हे काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. बंगला मालकाचा, तो स्वतः क्वचित येणार, बाकी वेळ पाहुण्यांना भाड्यानं. गुरुवारी फोन यायचा, "मावशी, बारा जण आहेत. त्यात तिघं व्हेज, एक जैन आणि एकजण डाएटवर." म्हणजे बारा जणांचा एक स्वयंपाक नाही, तर चार वेगवेगळे स्वयंपाक. जेवण एक वाजता सांगायचे आणि पाण्यातून बाहेर यायचे चारला, तरी भाकरी मात्र तव्यावरून थेट ताटात पाहिजे. त्यामुळे सगळं अर्धवट तयार ठेवायचं. पीठ मळायचं नाही, पण पाणी गरम ठेवायचं. मसाला परतायचा, पण मटणाला आधण शेवटी द्यायचं. ही विद्या कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि मला ती चांगली येत होती, हे सांगायला मी लाजणार नाही.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक साहेब भात मोजायला काटा घेऊन आले होते. त्यांची बायको काट्यापुढं गप्प बसून राहायची आणि मग मागच्या दारानं येऊन माझ्याकडून कांदाभजी खाऊन जायची. एका बंगल्याच्या मालकानं अंगणात चूल बांधून घेतली होती, कारण पाहुण्यांना चुलीवरचंच मटण पाहिजे असायचं. पावसात लाकडं कुठली पेटायला! मालकानंच युक्ती सांगितली. आत गॅसवर कुकरमध्ये मटण शिजवायचं, मग मातीच्या भांड्यात काढून धुमसत्या चुलीवर ठेवायचं आणि आपण फुंकणी घेऊन बसायचं. एका काकांनी रस्सा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा धुराचा वास गॅसवर येणंच शक्य नाही." मी पदर तोंडाशी धरला. त्यांना वाटलं धूर गेला डोळ्यांत.

त्या लाजेचं हसू तरी येतं. मला लिहायचंय ते दुसऱ्या लाजेबद्दल, आणि तिच्यात हसण्यासारखं फार थोडं आहे.

मी सर्वांत जास्त वर्षं ज्या बंगल्यात काम केलं तो एका पुण्याच्या मॅडमचा. तिथं राखणीला वरच्या वाडीतले बबनराव आणि हाताखाली त्यांची बायको यमुनावैनी. वैनींचं माहेर पासली, भातशेतीतलं, त्यामुळे तांदूळ हातात घेऊन तो जुना की नवा हे त्या सांगायच्या. त्या माझ्यापेक्षा मोठ्या. मी चुलीशी, त्या झाडलोट, भांडी आणि निवडणं-टिपणं. मधल्या वेळेत मागच्या पायरीवर बसून आम्ही दोघींनी इतका चहा प्यायलाय की बहिणीही एकत्र तेवढा पीत नसतील. बंगल्यात एक मोठी लोखंडी कढई होती. दरवर्षी दिवाळीच्या आधी मॅडमचा फराळ आम्ही दोघी तिच्यात तळायचो, आणि ते झालं की वैनी तीच कढई डोक्यावर घेऊन आपल्या घरच्या फराळाला न्यायच्या. मॅडमना ते माहीत होतं, त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं. गावात हे सांगावं लागत नाही आणि लपवताही येत नाही. बंगल्यात मी रांधलेलं वैनी पोटभर जेवायच्या. माझ्या घरी आल्या की मात्र त्यांचा नेमका उपास असायचा. सोमवारी यायच्या तेव्हा सोमवारचा, बुधवारी आल्या तर कसला तरी बुधवारचा. मी त्यांच्यासाठी केळी आणून ठेवायला लागले. त्या केळं खायच्या, मी त्यांना अजून एक द्यायची, आणि दोघीही त्याबद्दल एक अक्षर बोलायचो नाही.

माझं माहेर विंझरच्या बाजूचं. माझी आई मोठ्याचं मटण फार सुंदर करायची. म्हशीचं, रेड्याचं जे काही मिळायचं ते, पण घरात त्याला 'मोठ्याचं' एवढंच म्हणायचे आणि घराबाहेर काहीच म्हणायचे नाहीत. ते शिजत घातलं की आई शेजारच्या चुलीवर सुके बोंबील भाजायला घ्यायची, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला वास बोंबलांचा यावा. आम्ही पोरं पोट भरून खायचो आणि शाळेत विचारलं तर डाळ खाल्ली म्हणून सांगायचो. लग्नानंतर मी ते कधी केलं नाही. नवऱ्याला आवडत नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण असं की मी बंगल्यांतून कामाला जायला लागले होते, आणि केसांना वास बसतो अशी मला भीती वाटायची. माझ्या मुलीनं माझ्या हातचं मोठ्याचं कधी खाल्लं नाही.

तर त्या वर्षी दसरा झाल्यावर मॅडमची मुलगी इरा बंगल्यावर आली. काही वर्षं अमेरिकेत राहून आलेली, मोकळ्या स्वभावाची पोरगी. बर्फाच्या पेटीत मटण घेऊन आली होती. संध्याकाळी मित्रमंडळी यायची होती आणि तिला त्यांच्यासाठी बीफ चिमीचांगा करायचा होता. तो काय प्रकार असतो ते तिनं मोबाईलवर दाखवलं. मैद्याची पातळ पोळी, तिच्यात शिजवून पिंजलेलं मटण, घोटलेला राजमा आणि चीज भरायचं, पाकिटासारखी घडी घालायची आणि ती अख्खी घडी तेलात कुरकुरीत तळायची.

"म्हशीचं आहे मावशी, कायद्यात बसतं," ती म्हणाली. मग मी आणि वैनी, दोघींकडं बघून तिनं विचारलं, "तुमच्यापैकी कुणी शिजवलंय का कधी?"

वैनी भोपळा चिरत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि लगेच भोपळ्याकडं बघायला लागल्या. एवढंच झालं. त्या रागानं बघत्या, नाक मुरडत्या, तर मी काहीतरी टोला दिला असता. तोंडाची मी काही कमी नाही. पण त्यांनी माझी बाजू सांभाळून घेतल्यासारखं बघितलं, जसं कुणाचा पदर फाटलेला दिसल्यावर बघून न बघितल्यासारखं करतात. माझ्या कानशिलांपर्यंत गरम वाफ गेली. काय चूक केली होती मी? काही नाही. तरी चोरी पकडल्यासारखं झालं.

"येतं मला," मी म्हणाले.

इरानं टाळी वाजवली. "मग मटण तुम्ही, पोळ्या वैनी!"

वैनी पोळपाट उचलून म्हणाल्या, "म्या भाईर बसून लाटते. हितं लई उकडतंया." आश्विनातला गार वारा सुटला होता. पण मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेले, म्हणजे त्यांना जायला सोपं पडावं.

आईनं करताना काय काय घातलं होतं ते मला आठवावं लागलं नाही, हातांनाच ठाऊक होतं. लसूण भरपूर, जिरं जरा जास्त, लाल मिरची, आणि घाई करायची नाही. कुकरच्या वाफेबरोबर तो वास आला आणि मी चक्क खिडकी लावून घेतली. इरानं येऊन ती उघडली. "मस्त वास येतोय, बंद का करताय?"

मधूनमधून वैनी लाटलेल्या, तव्यावर जेमतेम शेकलेल्या पोळ्यांचं ताट आणायच्या. एरवी हातात द्यायच्या. त्या दिवशी ताट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि "घे ग" म्हणून वळायच्या. मी वाकून उचलायची.

पहिला चिमीचांगा माझ्यामुळेच फुटला. आईच्या मटणाला अंगासरसा रस्सा असायचा, तो मी तसाच ठेवला, आणि मैद्याची पोळी हातात आल्यावर बोटांनी आपोआप करंजीसारखी कड दाबून मुरड घातली. फराळाच्या त्या मोठ्या कढईत सोडल्याबरोबर आतल्या पाण्याची वाफ झाली, पोळी फाटली आणि तेल छतापर्यंत उडालं. इरा किंचाळली आणि मग हसत सुटली. "मावशी, ही करंजी नाहीये!" मग तिनंच नीट दाखवलं. सारण अगदी कोरडं होईपर्यंत परतायचं आणि गार करायचं. पोळीच्या मधोमध ठेवून आधी दोन बाजू आत घ्यायच्या, मग गुंडाळायचं, कडेला मैद्याची खळ लावायची. तेलात सोडताना चिकटवलेली बाजू खाली. तेल फार तापलं तर वरून लाल आणि आत पोळी कच्ची, कमी तापलं तर घडी तेल पिऊन बसते. काढल्यावर कागदावर ठेवायचं नाही, जाळीवर ठेवायचं, नाहीतर खालच्या अंगाला वाफ धरून मऊ पडतो. दुसरा चांगला झाला, तिसऱ्यापासून तर असे सोनेरी उतरायला लागले की मला मजा यायला लागली. नवीन पदार्थ हाताला वळला की जो आनंद होतो तो लपत नाही. तेवढा वेळ मी सगळं विसरले.

पाहुणे आले, ताटं बाहेर गेली. व्हरांड्यात वरच्या वाडीतला वायरमन दिव्यांची माळ लावत होता, त्याच्या शिडीला बबनराव धरून उभे. आणि इरानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हे सगळं सुमनमावशींचं! त्यांच्या घरची स्पेशालिटी आहे ही."

पोरीनं कौतुकच केलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बबनराव शिडीच्या पायाकडं बघत राहिले. मी दारात हात पुसत उभी होते, आणि टाळ्या वाजत असताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत माझ्या आईच्या हाताला दाद देत होतं आणि मला वाटत होतं की कधी एकदा हे गप्प होतील.

इरानं मला दोन बांधून दिले. दिवस मावळता मावळता मी निघाले आणि ओढ्याजवळ, करंजाच्या झाडामागं उभी राहून दोन्ही खाल्ले. घरी नेले नाहीत. चीजमध्ये गुदमरली होती, पण आईची चव होती. खाऊन ओढ्यात तोंड धुतलं, तीनतीनदा चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी कढई घासायला घेतली. भांडी वैनींकडं असायची, पण ही कढई त्यांच्यापुढं टाकायची माझी छाती झाली नाही. राख घेतली, चिंच घेतली, विटेचा चुरा घेतला. धुतली, जाळावर तापवली, पुन्हा घासली. दिवाळी तोंडावर होती आणि वैनींनी ही कढई न्यायला हवी, असा माझा एकच हेका. ती गेली नाही तर आमच्या दोघींतलं काहीतरी जाईल असं मला वाटत होतं. बबनराव पाण्याचा पाईप ओढत आले, बघत उभे राहिले. "सुमनबाई, भोक पडंल की कढईला," म्हणाले, आणि हसावं की नाही ते न कळून निघून गेले.

नखांत राख गेली होती, बोटं सोलवटली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तेल घासत नाहीये. तेल कधीच निघालं होतं. मी माझ्या आईला घासून काढत होते. त्या विचारानं हात थांबायला पाहिजे होते. ते थांबले नाहीत.

वैनी मागनं आल्या. "ऱ्हाऊ दे ग सुमन. झाली की चकचकीत."

"मंग न्हेताय न्हवं औंदा?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बघू. सासूबाई हाईत घरात, त्यांचं लई असतंया." आणि मग घाईनं म्हणाल्या, "पन करंज्या तळाय तू ये हां. तुझ्यासारखी करंजी कुनाला जमत न्हाई."

मी गेले. त्यांच्या अंगणात नवीकोरी कढई होती, वेल्ह्याच्या बाजारातून आणलेली, अजून काळी सुद्धा पडली नव्हती. वैनींच्या सासूबाई बाजेवर बसून माझ्या हाताची तारीफ करत होत्या. कुणीच वाईट वागलं नाही. वैनी म्हणाल्या, "ही नवी घेतली बग." मी कढईकडं बघून म्हणाले, "चांगली हाय," आणि तेल ओतलं. दुपारभर तळत होते, एक करंजी फुटली नाही. जेवायच्या वेळेला काहीतरी कारण काढून निघाले.

दिवाळीला माझी मुलगी आली. ती पुण्यात दवाखान्यात नर्स आहे. तिला मी हा सगळा प्रकार गंमत म्हणून सांगितला. फुटलेला चिमीचांगा, छताला लागलेलं तेल, इराची किंकाळी. मला वाटलं ती हसेल.

ती म्हणाली, "आई, पाहुण्यांना करून घातलंस. मला कधी घातलंस?"

मी म्हणाले, "तू कधी मागितलंस?"

"असतं हे तरी कुठं सांगितलंस?"

पुढच्या सुट्टीला ती पुण्याहून मटण घेऊनच आली. म्हणाली, आपण तसलेच कुरकुरीत करू, पण चीज कमी आणि आजीचा मसाला जास्त. आमची कढई छोटी, एका वेळी एकच मावत होता. मी घड्या घालत होते, ती कड चिकटवत होती आणि बोलत होती. आजी कशी होती, बोंबील खरंच भाजायची का. मी बोलत गेले. इतकं मोकळं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. दार सताड उघडं होतं याचंही भान राहिलं नाही.

दारात यमुनावैनी उभ्या होत्या. हातात करंज्यांचा डबा.

मी झटकन उठून चुलीकडं पाठ करून उभी राहिले. एवढी मोठी बाई, आणि पदर पसरून कढई झाकायला बघत होते. मुलगी म्हणाली, "या ना मावशी, बसा." वैनी हलल्या नाहीत. मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात मला कळलं की आता मी डाळ आहे म्हणून सांगितलं तर ही पोरगी काही बोलणार नाही, पण तिचं मन माझ्यावरून उठेल.

"मोठ्याचं हाय," मी म्हणाले. हा शब्द मी घराबाहेरच्या माणसापुढं पहिल्यांदा उच्चारला.

"ते कळलंया ग," वैनी म्हणाल्या, "पार ओढ्यापासनं कळलंया. तुझ्या मागं तेल जळाय लागलंय, ते बघ आधी."

मी वळले. कढईतला काळा ठिक्कर पडला होता. मुलगी हसायला लागली, आणि वैनीही हसल्या, आणि हसता हसता त्या उंबऱ्यावर बसल्या. मुलीनं जळका बाहेर काढला आणि नवा सोडला.

"कढई सासूमुळं न्हाई घेतली," वैनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "सासूला कोन सांगनार हुतं? मलाच कसंसं झालं. किती घासलीस तू, म्या बघत हुते, तरीबी मन घेईना." त्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवत होत्या. "मंग तू आलीस, आन 'चांगली हाय' म्हनलीस. तवा मला लई लाज वाटली बग. घास उतरंना मला त्या दिवशी."

इतकी वर्षं मला वाटत होतं, लाज ही फक्त ओढ्याच्या अलीकडं राहते. मी "च्या टाकते" म्हणाले. त्या नको म्हणाल्या, उशीर झाला होता. मी डबा घेऊन करंज्या परातीत काढल्या आणि डबा पुसला.

शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. घरात जे असेल ते त्यात घालायचं, निदान काहीतरी. जाळीवर नुकताच उतरलेला चिमीचांगा होता, माझ्या आईच्या मसाल्याचा, सगळ्यांत छान तळलेला. त्या खातील असं माझं म्हणणं नव्हतं. पण "हे आमच्याकडचं, न्हेता का?" एवढं विचारता आलं असतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं; आत्ताच त्या माझ्यापुढं मन मोकळं करून बसल्या होत्या. माझा हात जाळीपर्यंत गेला. मुलगी बघत होती. वैनीही बघत होत्या, अगदी टक लावून, हे मला दिसलं.

मी हात मागं घेतला, फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि वाटीभर साखर वैनींच्या डब्यात घातली.

वैनींनी डबा घेतला. झाकण घट्ट बसलंय का म्हणून जरासा हलवून बघितला. आत साखर वाजली. "येते," म्हणाल्या, आणि ओढ्याच्या बाजूला चालायला लागल्या.